डोंगराच्या पोटातलं पाणी आणि मॅनिंगचा 'एन'

मित्रांनो, हायड्रॉलिक्सचा पेपर आठवतोय ना? 'एका वर्तुळाकार बोगद्याचा व्यास अमुक, उतार तमुक, एन = ०.०१३ धरा आणि प्रवाह काढा.' आपण मॅनिंगचं सूत्र लिहितो, कॅल्क्युलेटर दाबतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पाच मार्क खिशात! पण त्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग पेपर काढणाऱ्याने स्वतःच सोडवून दिलेला असतो. 'एन = ०.०१३ धरा' हे तीन शब्द म्हणजेच खरं डिझाइन. साइटवर हा 'एन' कोणी हातात आणून देत नाही. तो खडकाकडून काढून घ्यावा लागतो.

या लेखात मी कठीण खडकातून जाणाऱ्या पाण्याच्या बोगद्यांबद्दल लिहिणार आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे या विषयातले मराठी शब्द मला उशिरा भेटले. धरणापासून वीजघराकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याला आपल्या पाटबंधारे खात्याच्या मराठीत 'अधिजल भुयार' म्हणतात आणि वीज करून झाल्यावर पाणी बाहेर नेणाऱ्याला 'अवजल भुयार'. काय छान शब्द आहेत! पण मी आपली सरळ 'बोगदा' म्हणणार आहे, म्हणजे तुम्हालाही सोपं आणि मलाही.

भिंत कशी आहे?

रॉबर्ट मॅनिंग हे आयर्लंडचे इंजिनीयर. त्यांनी आपलं सूत्र १८८९ साली मांडलं, ते मुळात उघड्या पाटांसाठी आणि नद्यांसाठी. त्यातला 'एन' म्हणजे पाण्याला भिंतीचा होणारा त्रास. भिंत खडबडीत असली तर 'एन' मोठा आणि वेग कमी. पाणी पूर्ण भरून वाहणाऱ्या बोगद्यालाही हेच सूत्र लावतात. फरक इतकाच, की तिथे जलस्तरी त्रिज्या म्हणजे व्यासाचा चौथा भाग.

आता खडकातल्या बोगद्याची भिंत कशी असते ते डोळ्यासमोर आणा. गेल्या वर्षी आम्ही एका बोगद्याच्या कामावर साइट व्हिजिटला गेलो होतो. मला वाटलं होतं, आत गेल्यावर मेट्रोसारखी गोल गुळगुळीत नळी दिसेल. प्रत्यक्षात भिंत करवतीच्या दातांसारखी होती! कारण सोपं आहे. सुरुंग लावायची भोकं पाडताना कडेची भोकं थोडी बाहेरच्या बाजूला तिरकी पाडावी लागतात, कारण ड्रिल मशीनला उभं राहायला जागा लागते. तेवढी तिरकी पाडली नाहीत, तर प्रत्येक स्फोटानंतर बोगदा अरुंदच होत जाईल. त्यामुळे दर स्फोटाला बोगदा सुरुवातीला अरुंद आणि शेवटाला रुंद होतो, मग परत अरुंद, परत रुंद. शिवाय खडकाला फटी असतील तर तो हव्या त्या रेषेवर न फुटता फटीवरून सुटतो. याला ओव्हरब्रेक म्हणतात.

तिथले एक वयस्कर मिस्त्री काका लांब पहार घेऊन छतावर ठोकत चालले होते. ठण्ण आवाज आला की पुढे, आणि भद्द आवाज आला की तो तुकडा पाडायचा. मी त्यांना विचारलं, "काका, सगळीकडे सारखाच आवाज का नाही येत?" ते हसले आणि म्हणाले, "पोरी, डोंगर एका दिवसात थोडाच झालाय!" भूगर्भशास्त्राचं अख्खं प्रकरण काकांनी एका वाक्यात संपवलं. आपला दख्खनचा बेसाल्ट खरोखरच थरांवर थर साचून झालाय. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा अमिग्डलॉइडल बेसाल्ट, आणि दोन थरांच्या मधे कधी कधी तांबड्या मऊ मातीसारखा पट्टा. एकाच बोगद्यात हे सगळं भेटतं. मग 'एन' एकच कसा असेल?

ढोबळ आकडे असे आहेत. चांगल्या काँक्रीटचं अस्तर केलेल्या बोगद्यासाठी 'एन' ०.०१२ ते ०.०१४. सुरुंगाने फोडून तसाच ठेवलेल्या बोगद्यासाठी ०.०३३ च्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. टनेल बोअरिंग मशीनने, म्हणजे टीबीएमने, कापलेला खडक या दोघांच्या मधे, पण काँक्रीटच्या बराच जवळ.

राम नावाच्या स्वीडिश संशोधकाने यावर एक मजेदार पद्धत काढली. बोगद्याचे ठिकठिकाणचे छेद मोजायचे. त्यातलं जवळजवळ सगळ्यात मोठं क्षेत्रफळ आणि जवळजवळ सगळ्यात लहान क्षेत्रफळ यांच्यातला फरक टक्क्यांमध्ये काढायचा. त्या टक्क्यांना ०.००२७५ ने गुणलं, की डार्सीचा घर्षण गुणांक मिळतो. फरक २७ टक्के असेल, तर गुणांक सुमारे ०.०७४ येतो. साडेसहा मीटर व्यासाच्या बोगद्यासाठी त्याचा 'एन' केला, तर बरोबर ०.०३३ च्या जवळ जातो. म्हणजे पुस्तकातला आकडा हवेतून आलेला नाही. कोणीतरी टेप घेऊन बोगद्यात फिरलंय!

आता गणित करू

घाबरू नका, एकच गणित आहे. समजा ४ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे, आतला व्यास ६.४ मीटर, आणि सेकंदाला १५० घनमीटर पाणी न्यायचंय. क्षेत्रफळ येतं ३२.२ चौरस मीटर आणि वेग ४.६६ मीटर.

अस्तर केलं आणि 'एन' ०.०१३ धरला, तर घर्षणात सुमारे ७.८ मीटर हेड जातं. तोच बोगदा, तोच व्यास, पण अस्तर नाही, 'एन' ०.०३३. आता जातं ५०.५ मीटर! 'एन' अडीच पट झाला, पण हेडचा तोटा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून साडेसहा पट. पूर्ण प्रवाह चालू असताना पहिल्या बोगद्यात साडेअकरा मेगावॉट शक्ती भिंतींना घासून जाते, दुसऱ्यात ७४ मेगावॉट. एक छोटं वीजघर चालेल एवढी!

मग काय, सगळीकडे अस्तर करायचं? थांबा. अस्तर न करता बोगदाच मोठा केला तर? तोटा तेवढाच ठेवायचा असेल, तर व्यास 'एन' च्या तीन अष्टमांश घाताने वाढवावा लागतो. ६.४ चा होतो ९.१ मीटर. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, ६४.७ चौरस मीटर. पण अस्तर करायचं म्हटलं तरी आधी खडक जास्तच फोडावा लागतो. सरासरी ४० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट धरलं, तर ७.२ मीटर व्यासाचा, म्हणजे ४०.७ चौरस मीटरचा. चार किलोमीटरवर हिशोब केला तर:

अस्तराचा बोगदा: सुमारे १ लाख ६३ हजार घनमीटर खोदाई आणि ३४ हजार घनमीटर काँक्रीट.
बिनअस्तराचा बोगदा: सुमारे २ लाख ५९ हजार घनमीटर खोदाई आणि काँक्रीट शून्य.

म्हणजे प्रश्न असा झाला, की ९६ हजार घनमीटर जास्तीचा खडक फोडणं स्वस्त की ३४ हजार घनमीटर काँक्रीट आत नेऊन साच्यात ओतणं स्वस्त? याचं उत्तर पुस्तकात नाही. ते खडकाच्या जातीवर, सिमेंट किती लांबून येतंय त्यावर आणि काम किती दिवसात संपवायचंय त्यावर ठरतं.

याच्या मधला एक रस्ता मला खूप आवडला. फक्त तळाला काँक्रीट करायचं. नाहीतरी डंपर चालायला सपाट तळ लागतोच. समजा तळ म्हणजे ओल्या परिमितीचा २८ टक्के भाग आहे. तळाचा 'एन' ०.०१४, बाकीचा ०.०३३. दोघांची सरासरी साधी काढायची नाही हं! प्रत्येक 'एन' चा दीड घात घ्यायचा, परिमितीच्या वाट्याने गुणायचा, बेरीज करायची आणि मग तिचा दोन तृतीयांश घात. उत्तर येतं ०.०२८४. हेडचा तोटा २६ टक्क्यांनी कमी! नुसत्या फरशीने पाव तोटा वाचला. व्हायवाला कोणी विचारलं तर हे सांगा, सर खूश होतील.

एक मीटर हेडची किंमत

'एवढं काय एका मीटरचं,' असं कोणी म्हणेल. आपल्या कोयनेचं उदाहरण घेऊ. कोयना प्रकल्पात शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन कोकणच्या बाजूला खाली सोडतात आणि त्यावर वीज करतात. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालचा खडकाचा शेवटचा पडदा स्फोटाने उडवून बोगदा थेट भरलेल्या जलाशयाला जोडला होता. हेच ते गाजलेलं 'लेक टॅपिंग'. दुसरं २५ एप्रिल २०१२ रोजी झालं.

कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मान्य केलं. मोजून दिलेलं पाणी! ते घनमीटरमध्ये होतं सुमारे १.९ अब्ज. आता एवढं पाणी एक मीटर उंचीवरून सोडलं तर किती वीज होईल? यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सुमारे ४७ लाख युनिट. म्हणजे या सगळ्या पाण्याचं सरासरी एक मीटर हेड भिंतींना घासून गेलं, तर वर्षाला ४७ लाख युनिट गेली. महिन्याला १०० युनिट वापरणारी जवळजवळ ३,९०० घरं त्यावर वर्षभर चालतील. आणि हे एका वर्षाचं झालं. बोगदा पन्नास-शंभर वर्षं तसाच राहणार. पाणी वाढवून मिळणार नाही, म्हणून हेड वाचवायचं. बोगद्यातला प्रत्येक खडबडीत मीटर कोणाच्या तरी घरातला दिवा आहे, असं मला हे गणित केल्यापासून वाटतं.

अजून एक गोष्ट. कोयना मुख्यतः संध्याकाळसारख्या जास्त मागणीच्या वेळी चालवतात. घर्षणात जाणारी शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेच पाणी दिवसभर सावकाश सोडण्यापेक्षा थोड्या तासांत जोरात सोडलं, तर प्रत्येक घनमीटरमागे तोटा जास्त. म्हणून बोगद्याचा व्यास ठरवताना नुसतं 'किती पाणी' नाही, तर 'किती तासांत पाणी' हेही बघावं लागतं.

एकाच बोगद्याला दोन 'एन'

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट. आपल्या गणितातल्या बोगद्यात पाणी किती आहे? जवळजवळ १ लाख २९ हजार टन, आणि ते सेकंदाला ४.६६ मीटर वेगाने पळतंय. अचानक ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि वीजघराने काही सेकंदांत पाणी बंद केलं, तर एवढं पाणी जाणार कुठे? त्यासाठी बोगद्याच्या शेवटाला एक मोठी उभी विहीर ठेवतात, ती सर्ज वेल. धावत आलेलं पाणी त्यात वर चढतं, थांबतं, परत खाली येतं, झोपाळ्यासारखं. विहिरीचा व्यास २० मीटर धरला आणि घर्षण शून्य धरलं, तर आपल्या उदाहरणात पाणी जलाशयाच्या पातळीच्या तब्बल ३० मीटर वर चढेल. घर्षण असेल तर त्याहून कमी.

म्हणजे बघा, रोज आपले पैसे खाणारं घर्षण इथे ब्रेकचं काम करतं! म्हणून विहीर वर किती उंच ठेवायची हे काढताना 'एन' कमीत कमी धरायचा, म्हणजे काँक्रीट अगदी नवं, गुळगुळीत आहे असं समजायचं. आणि वीजघर एकदम सुरू केल्यावर विहिरीतलं पाणी किती खाली जाईल हे काढताना 'एन' जास्तीत जास्त धरायचा, म्हणजे बोगदा जुना झालाय, भिंतीवर शेवाळ, चिखल बसलाय असं समजायचं. ही पातळी चुकली तर बोगद्यात हवा शिरेल. वीज किती मिळेल हे काढतानाही खडबडीत 'एन' च धरलेला बरा.

एकच बोगदा, एकच भिंत आणि डिझाइनमध्ये दोन 'एन'. पेपरमध्ये असं लिहिलं तर कदाचित मार्क कापतील. पण साइटवर जो एकच 'एन' धरतो, त्याची विहीर तरी उतू जाते नाहीतर बोगदा तरी हवा पितो.

दाब कोण पेलतो?

आपल्याला वाटतं काँक्रीटचं अस्तर पाण्याचा दाब पेलतं. तसं नाही. साधं काँक्रीट ताण फार घेत नाही, आतून दाब आला की त्याला बारीक तडे जातात. काँक्रीट पाण्याला गुळगुळीत रस्ता देतं आणि कमकुवत खडक धरून ठेवतं. खरा दाब पेलतो तो आजूबाजूचा डोंगर.

नॉर्वेच्या इंजिनीयरांनी हे फार आधी ओळखलं. पहिल्या महायुद्धात पोलाद मिळेना, तेव्हा १९१९ ते १९२१ या काळात त्यांनी चार वीजघरांना अस्तर नसलेले, दाबाखालचे बोगदे आणि शाफ्ट दिले. पुढे अनुभव वाढत गेला आणि नुसत्या खडकावर हजार मीटरच्या आसपास हेड पेलण्यापर्यंत ते पोचले. मधे काही ठिकाणी खडक फाटून पाणी बाहेरही आलं. त्यातूनच त्यांनी नियम पक्का केला. नियम असा: बोगद्यापासून डोंगराच्या पृष्ठभागापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजायचं. तेवढ्या खडकाचं वजन पाण्याच्या स्थिर दाबापेक्षा पुरेसं जास्त हवं.

उदाहरण घ्या. स्थिर हेड १०० मीटर, खडक पाण्याच्या २.७ पट जड, सुरक्षिततेचा गुणांक १.३. जमीन सपाट असेल तर डोक्यावर ४८ मीटर खडक पुरतो. पण डोंगराचा उतार ४० अंशांचा असेल, तर त्या अंशाच्या कोसाइनने भागावं लागतं आणि अंतर होतं ६३ मीटर, तेही उभं नाही, उताराला काटकोनात. इथेच सह्याद्रीची गंमत आहे. घाटमाथ्यावरून बोगदा कोकणकड्याकडे येतो, तेव्हा डोक्यावर भरपूर डोंगर दिसतो, पण समोर कडा असतो! पाणी वर जाणार नाही, आडवं फुटेल. त्यात आपले बेसाल्टचे थर आडवे, त्यांच्या मधल्या फटीही आडव्या. म्हणून कड्याजवळ, जिथून पाणी वीजघराकडे खाली उतरतं, तिथे कोयनेतही पोलादी अस्तराचे शाफ्ट आहेत. नॉर्वेची कॉपी इथे सरसकट चालत नाही. तिथला ग्रॅनाइट, नाइस वेगळा आणि आपला दगड वेगळा.

आणखी दोन गोष्टी विसरू नका. स्थिर दाब काढताना पाणी वाहताना असणारी पातळी घ्यायची नाही, झडपा बंद आणि जलाशय भरलेला अशी घ्यायची. आणि दुरुस्तीसाठी बोगदा रिकामा करायचा तर सावकाश. आतलं पाणी पटकन काढलं, तरी खडकातलं पाणी तिथेच असतं आणि ते बाहेरून अस्तराला आत ढकलतं. बिनअस्तराच्या बोगद्यात याच वेळी दगड सुटतात, म्हणून टर्बाइनच्या आधी तळाला रॉक ट्रॅप, म्हणजे दगड अडवणारा खड्डा ठेवतात.

न दिसणारं बांधकाम

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, की खडकात शंभर मीटर खाली गेलेल्या बोगद्याला आता कसली भीती? मुंबईचं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेणारा साडेपाच मीटर व्यासाचा, १५ किलोमीटर लांबीचा बोगदा ठाण्याच्या खालून जातो. तिथे जमिनीवर बोअरवेल खोदताना ड्रिल थेट बोगद्यापर्यंत गेलं आणि गळती सुरू झाली. तिच्या दुरुस्तीसाठी मुंबईत ३१ मार्च २०२३ पासून १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. एक भोक, आणि त्यासाठी अख्ख्या शहराच्या बादल्या कमी भरल्या! खडकाने आपलं काम चोख केलं होतं, पण खाली बोगदा आहे हे वर भोक पाडणाऱ्याला कुठे दिसत होतं? धरण दिसतं, पूल दिसतो, लोक त्याचे फोटो काढतात. बोगदा कोणालाच दिसत नाही. म्हणून त्याचा मार्ग नकाशावर नोंदवणं आणि वरच्या जमिनीवर खोदाईला बंधन घालणं, हाही डिझाइनचाच भाग धरायला हवा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी पेपरमध्ये 'एन = ०.०१३ धरा' असं आलं, तर जरूर धरा, मार्क घ्या. पण घरी आल्यावर तेच गणित ०.०११ आणि ०.०१६ घेऊन परत सोडवा आणि उत्तर किती हलतं ते बघा. हेड किती गेलं, विहिरीत पाणी कुठवर चढलं, हे तीन ओळींच्या टेबलमध्ये मांडा. मी हे एका रविवारी केलं, दोन तास लागले. आणि साइट व्हिजिटला गेलात तर हेल्मेट घालून मोबाइलवर फोटो काढण्याआधी भिंतीवरून एकदा हात फिरवा. तुमच्या उत्तरातला सगळ्यात मोठा आकडा तिथेच हाताला लागेल.